फुंकर मारली की झुलणारा कोळी

माकणी, घट बसायच्या आदली सांज

बायको आज लेकीचं बाळंतपण उरकून परत आली. ती यायच्या आत बांबूला झाडू बांधून सगळी जाळी काढली. भिंतीवरचा मोठा चपटा कोळी पुठ्ठ्यावर घेऊन परसात सोडला. झुरळं खातो बिचारा, पण हिला त्याची लई भीती.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला, काडीसारख्या लांब पायांचा, तेवढा राहिला. राहिला कसला, मीच ठेवला. फुंकर मारली की जाळ्यासकट झुलायचा. एवढे महिने जेवण झालं की मी फुंकायचो, तो झुलायचा. या घरात दुसरं उत्तर देणारं होतंच कोण?

आल्या आल्या हिची नजर वर. "अहो, ते एक राहिलं की! उद्या घट बसायचेत."

"आधी फुंकून तर बघ."

तिनं पदर सावरून फुंकर मारली. तो झुलला. ती हसली, परत फुंकली. तो पुन्हा झुलला. किती वेळ दोघं माना वर करून उभे होतो, कुणास ठाऊक.

"राहू द्या," म्हणाली. "देवीनं विचारलं तर मी बघीन."

दिवेलागणीला दाराखालची फट चिंध्यांनी बुजवली. बाहेरचं आता कुणी नको. आत हायत तेवढे पुरेत.