गेट नंबर दोनवरची भाकरी

पूर्णा, ता. भिवंडी
ज्येष्ठातला बुधवार

चिरंजीव रघू यास,

तुझ्या दाजीचे पोटभर आशीर्वाद. (पोटभर हा शब्द मुद्दाम घातला आहे, का ते पुढे कळेल.) खारबावला सगळं ठीक असेल. तुझी शुगर, तुझ्या बायकोचा गुडघा आणि तुमच्या अंगणातला तो चावरा कुत्रा, तिघंही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ते लिहून टाकलं आणि आता खरं लिहायला घेतो. फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू "दाजी, टेन्शन नका घेऊ" म्हणतोस, आणि मग पुढचं सांगायचं राहून जातं. शिवाय मी फोनवर जरा हळू बोललो की तुझी बहीण दाराआड उभी राहते आणि विनिताला (आमच्या सुनेला) जाऊन सांगते, की त्या पाहुण्याचं काहीतरी काळंबेरं चाललंय, कपाटाला कुलूप घाल. तो पाहुणा म्हणजे मी.

कमळा विसरायला लागली, हे तुला माहीत आहे. आधी चाव्या विसरली, मग गॅस, मग बाजारातून घरचा रस्ता. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं, तेव्हा तूही होतास आणि माझ्यापेक्षा तूच जास्त रडला होतास. पण त्यानंतरची प्रगती तुला कळलेली नाही. गेल्या दिवाळीपासून तिने मला पाहुणा केलं आहे. सुरुवातीला मान होता. डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा तांब्या यायचा, बशीत बिस्किटं यायची. आता पाहुणा फारच रेंगाळला असं तिला वाटतं, म्हणून बिस्किटं बंद झाली आहेत आणि रोज दिवेलागणीला ती येऊन अदबीने विचारते, "पावनं, तुमची गाडी किती वाजता हाय?" मी सांगतो, आज गाडी चुकली. ती म्हणते, "रोजच कशी चुकते तुमची?"

मध्ये तिला तपासणीला नेलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने आजचा वार विचारला, तो तिने चुकवला. ऋतू विचारला, तो बरोबर सांगितला. मग म्हणाला, आजी, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? तुझ्या बहिणीने पदर दातात धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याने पुन्हा विचारलं, ती आणखी लाजली. त्याने कागदावर शून्य मांडलं. मी म्हटलं, अहो, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. (लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही तुझ्या आक्काने मागून चिमटा काढला म्हणून.) तो म्हणाला, काका, नियम सगळ्यांना सारखा. म्हणजे बघ रघू, ती माझं नाव विसरली आहे की पाळते आहे, हे जगात कोणालाच कळायची सोय नाही. रात्रंदिवस मला हाच एक घोर आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र सावळारामासाठी आहे. हे नाव लिहितानाही माझं पेन अडतं.

आपलं भाताचं मोठं खाचर गोदामाला दिलं, तिथे गेट नंबर दोन आहे. बांधावरचं करंजाचं झाड कंपनीने तोडलं नाही. त्याच्याखाली आता वॉचमनचं स्टूल असतं. याच झाडाखाली मी दुपारी बसायचो आणि तुझी बहीण डोक्यावर पाटी घेऊन यायची. पाटीत तांदळाची भाकरी, सुकट, कांदा, कधी नशिबात असेल तर खाडीतल्या निवट्यांचं कालवण. नांगर सोडून मी बांधावर यायचो, तोवर तिने फडकं अंथरलेलं असायचं. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण तेवढंच गेलं नाही! मार्चमध्ये एके दिवशी विनिता आंघोळीला गेली होती, मी टीव्ही बघत होतो (पाहुण्याला कोण सांगून जातं?), आणि कमळाने भाकऱ्या थापल्या, पाटी भरली आणि निघाली शेतावर. मधे तो सर्व्हिस रोड, कंटेनर एकामागून एक. तेव्हा गेटवरच्या वॉचमनने, म्हणजे या सावळारामाने, शिट्टी फुंकली, रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन कंटेनर थांबवले आणि तिला हाताला धरून पलीकडे नेलं. त्याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे, आणि त्याच कारणाने त्याच्यावर मनसोक्त रागावताही येत नाही, हा आणखी एक त्रास.

पलीकडे गेल्यावर तिने बघितलं तर काय? करंजाचं झाड, खाली उन्हाने रापलेला मिशीवाला माणूस, अंगात मातकट रंगाचा शर्ट. (तुझ्या गार्डांच्या युनिफॉर्मचा हा रंग तूच निवडलास, रघू. जगात निळा रंग नव्हता?) तिने फडकं अंथरलं. तो जेवला. मी नंतर त्याला विचारलं, बाबा रे, नको म्हणायला तुझं काय जात होतं? तो शहापूरकडचा साधा माणूस, हात जोडून म्हणाला, "दादा, आई येवड्या मायेनं वाढत होती, न्हाय म्हनायला जीब उचलली न्हाय." तो तिला आई म्हणतो, हे मला मान्य आहे. पण ती त्याला "अवं" म्हणते, त्याचं काय करायचं?

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. विनिता गॅसपाशी उभी राहते, कमळा भाकरी थापते. (कपड्याची बटणं कशी लावायची हे ती विसरली, पण भाकरी अजून अशी गोल, की विनिताची तिच्यापुढे डाळ शिजत नाही.) मग पाटी घेऊन ती पुढे आणि छत्री घेऊन विनिता मागे. इकडे मला काय? मला कोलेस्टेरॉल. दुधीची भाजी आणि मोजून दोन फुलके. आणि तिकडे तो कैरी घातलेली सुकट खातोय, ओला जवळा खातोय! परवा ती त्याला बोंबलाचा काटा काढून देत होती. त्याला पदराने वारा घालत होती. माझ्या डोळ्यांनी बघितलं, मी लोखंडी पाईपांच्या ढिगाऱ्याआड उभा होतो. (रोज नसतो. अधूनमधून असतो.) त्याला पट्ट्याला नवीन भोक पाडून घ्यावं लागलं आहे. आणि त्यावर कहर म्हणजे एकदा मला म्हणाला, "दादा, आज आईच्या हातून मीठ जरा कमी पडलं." रघू, माझं टाळकंच सरकलं. अख्ख्या संसारात मी कधी मिठाबद्दल ब्र काढला नाही, आणि हा काल आलेला माणूस चवी सांगतो!

विनिताने मला टेमघरला नेलं. तिथे शनिवारी अशा घरांतली माणसं एकत्र बसतात, नेत्राताई म्हणून एक बाई सगळ्यांचं ऐकून घेतात. मला वाटलं, मी एकटाच हरलेला. तर तिथे एकजण आईला रोज नव्याने वडील वारल्याचं सांगून थकलेला, एक बाई नवरा कपडे फेडून अंगणात जातो म्हणून दाराला कड्यावर कड्या लावून थकलेली. बोलताना सगळे हसतात आणि हसता हसता नाक पुसतात. मी उभा राहून सावळारामाचं गाऱ्हाणं मांडलं. सगळे इतके हसले की मीही हसलो, आणि मला लागलंही. नेत्राताई म्हणाल्या, काका, तुम्ही तिला खोडून काढू नका. ती ज्या काळात आहे, त्या काळात तुम्हीच जा. आणि विनितालाही रोज घटकाभर मोकळं बसू द्या, नाहीतर आजारी ती पडेल. दुसरं वाक्य विनिताने ऐकलं. मी पहिलं ऐकलं.

सोमवारी सकाळी मी माळ्यावरची ट्रंक उघडली, जुनी बंडी काढली, कमरेला रुमाल गुंडाळला आणि जेवणाच्या वेळेआधी गेटवर हजर झालो. सावळारामाला चहाला पिटाळलं आणि करंजाखाली स्टुलावर बसलो. जरा वेळाने कंटेनरवाला काच खाली करून विचारतो, "चाचा, एंट्री किधर करनी है?" मी म्हटलं, मेरेको क्या मालूम, मैं खेत में बैठा हूँ. मागे चार गाड्या, सगळे हॉर्न वाजवतायत. मग आतून सुपरवायझर धावत आला, म्हणाला, "बाबा, यहाँ बैठना मना है." मी म्हटलं, ये मेरा खेत है. तो म्हणाला, "यहाँ आके सब यही बोलते हैं." (आणि खरंच असेल ते. आसपास अशी गोदामं थोडी आहेत का?) तेवढ्यात पाटी आली.

मी छाती पुढे काढून बसलो. कमळा जवळ आली, माझ्याकडे बघितलं, मागे बघितलं, इकडेतिकडे बघितलं. मग पाटी खाली ठेवली, भाकरीचा चतकोर तोडला, त्यावर चिमूटभर सुकट ठेवली आणि माझ्या तळहातावर देत म्हणाली, "घे बाबा. पन जागा सोड ती. आमच्या मानसाची हाय." भिकारी समजली रे मला! मी उठलो. पण उठताना राहवलं नाही, विचारलं, "बाय, तुज्या मानसाचं नाव काय?" तिने पदर दातात धरला, कानापर्यंत लाल झाली आणि म्हणाली, "नाव घेत्यात का कुठं?"

सावळाराम चहाहून परतून त्या जागेवर बसला, आणि मी कुंपणाच्या कट्ट्यावर बसून तो चतकोर खाल्ला. किती महिन्यांनी तिच्या हातचं खाल्लं. भाकरी अजून गरम होती, मीठ बरोबर होतं. मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, ते चालू असतानाच मी डोळ्याच्या कोपऱ्यातून सावळारामाच्या वाट्याला किती सुकट जाते ते बघत होतो.

तर मुद्द्याचं. त्या गेटवर गार्ड तू पुरवतोस. तुझ्या सख्ख्या दाजीचा संसार मोडू नये असं वाटत असेल, तर या माणसाची ताबडतोब बदली कर. कुठेही कर, पण जिथे झाड नसेल अशा गेटवर कर. मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कुत्र्याला काही नाही.

तुझा दाजी,
केसरीनाथ

ता.क. पत्र विनिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, त्यांना हलवलं तर रस्त्यात कंटेनर कोण थांबवणार? आणि आई दिवसभरात हसतात त्या तेवढ्याच. आणि त्या वाढत असतात तेव्हा मी झाडाच्या दुसऱ्या बाजूला जरा टेकते, तेवढंच माझं बसणं. तिला याआधी कोणी हे विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तेव्हा बदली करू नकोस. वरचा मजकूर खोडत नाही, कारण लिहायला फार कष्ट पडले आहेत.

ता.क. २. ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. सावळाराम भातलावणीला गावी जाणार आहे. त्या दिवसांत तू कोणीतरी नवा पोरगा पाठवशील, आणि तो तिला "हटो माँजी" म्हणेल. ती पाटी भरलेली तशीच परत आणेल, ते मला बघवणार नाही. म्हणून त्याच्या जागी दिवसपाळीला मला लाव. पगार नको, युनिफॉर्म हवा, तोच मातकट. शर्ट सावळारामापेक्षा एक माप लहान, टोपी एक माप मोठी. मिशी वाढवायला घेतली आहे. शिट्टी जमते. कंटेनर कसा थांबवायचा ते तो मला संध्याकाळी शिकवतो, गुरू म्हणून वाईट नाही. आमचा मुलगा प्रितेश म्हणतो, बाबा, आपल्याच जागेवर वॉचमन होणार, गाव काय म्हणेल? मी म्हटलं, गावाला म्हणू दे, मला जेवायचं आहे. सावळारामाने एकच ताकीद दिली आहे, "दादा, मीठ कमी असलं तरी बोलायचं न्हाय." मला सांगतो!

ता.क. ३. हे लिहीत होतो तेव्हा तुझी बहीण येऊन समोर बसली आणि कोणाला लिहिताय म्हणून विचारलं. रघूला म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. तू तिला नावासकट आठवतोस. (याचाही मला हेवा वाटला, तो इथे नोंदवून ठेवतो.) म्हणाली, माझाही निरोप लिहा. तिचे शब्द जसेच्या तसे देतो. "रघू, घरात एक पावना हाय. गरीब हाय बिचारा, तरास न्हाय कोनाला त्याचा. पन त्याला भाकरी घेऊन येनारी कोन न्हाय. एकादी चांगली बायको बगून दे त्याला."

निरोप होता म्हणून पोचवला. तू बघू नकोस. युनिफॉर्म तेवढा लवकर पाठव, बायको मला आहे.