चहापेक्षा थुंकी जास्त

४ मार्च
१. आजीच्या नेहमीच्या चहाघराला ३१ तारखेनंतर टाळं लागणार.
२. गुडघा गेल्यापासून आजी सहाव्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. शाम शुई पो या जुन्या वस्तीतल्या तिच्या इमारतीला लिफ्ट नाही.
३. तिला तिथे शेवटचा एक चहा प्यायचा आहे.
४. मी लिफ्ट इंजिनियर आहे. म्हणजे प्रश्न सुटला.

७ मार्च
चोय मामा आला. म्हणाला, त्यात काय एवढं, आईला पाठुंगळी घेऊन उतरतो, तरुणपणी बंदरावर पोती वाहिलीत. हे सगळं तोंडात कोळंबीचं डंपलिंग ठेवून. शिंतोडे माझ्या चष्म्यावर. अशा नुसत्या बोलघेवड्यांना आमच्याकडे म्हणतात, चहापेक्षा थुंकी जास्त. शिसारी आली.
मी नुसती बोलत नाही, करते. मी जिना मोजला. दोन मजले. वरचे तसेच असणार.

१५ मार्च
उतरण्याच्या खुर्चीचं डिझाइन तयार. चाकं, पट्टे, ब्रेक. मामाने दात कोरत विचारलं, बनणार कधी, बाईसाहेब? ज्याने आईला एक पायरी उतरवली नाही, तो विचारतोय! ब्रेकचा पुन्हा विचार करायला हवा. घाईत बनवलेल्या वस्तूंची मला किळस आहे.

२४ मार्च
आजीला फोनवर चौथं डिझाइन समजावलं. म्हणाली, छान आहे गं पोरी, पण बसू कशावर, कागदावर? वयामुळे चिडचिड होते.
मामाची कंबर धरली आहे. अपेक्षितच. बोलाचीच कढी.

३१ मार्च, दुपार
सहावं डिझाइन निर्दोष. दाखवायला गेले, तर घराला कुलूप. शेजारच्या हो काकू म्हणाल्या, म्हातारी पहाटेच गेली की! बसून, ढुंगणावर सरकत, पायरी पायरी करत.
चहाघरात पोचले. मामाही धापा टाकत आला. आजीने दोघांचे कप भरले. म्हणाली, प्या, घसे कोरडे पडले असतील.
आम्ही रीतीप्रमाणे बोटांनी टेबल वाजवून आभार मानले. मामाने गरजेपेक्षा जोरात.

३१ मार्च, संध्याकाळ
चहाघर बंद झालं. आजी खाली जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर बसली आहे. सरकत उतरता येतं, चढता येत नाही. मामा म्हणतो, पाठुंगळी नेतो, जरा कंबर सुटू दे. शेजारीच उभा आहे. त्याच्या बडबडीवर त्यालाच मेसेज पाठवला:

‘चढण्यासाठी वेगळी खुर्ची लागेल. प्राथमिक आराखडा जोडला आहे. मंजूर आहे की नाही, ते शुक्रवार, ५ एप्रिलपर्यंत कृपया कळवावे.’