अझेलियाला घातलेली राख

ती. आईस नमस्कार,

इकडे डनीडनला अजून मरणाची थंडी आहे, पण मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

तू शिकवलंस तशी शेगडीतली राख मी तीन वर्षं माझ्या अझेलियाच्या फुलझाडाला घातली. शेजारची मार्गरेट कुंपणावरून बघायची, 'स्वीट ॲज' म्हणायची, म्हणजे इकडच्या बोलीत 'मस्तच'. झाड पिवळं पडून मेलं. परवा फुलांच्या प्रदर्शनात बक्षीस घेताना तीच म्हणाली, "अझेलियाला आंबट माती लागते. राख कधीच घालू नका."

तिला सगळं माहीत होतं, आई!

तुझी चूक नाही गं. तुझ्या जास्वंदीला राख मानवते.

आता ती सुट्टीवर गेलीय आणि तिच्या अझेलियांना पाणी मी घालते. राखेची बादली दाराशीच आहे. काळजी करू नकोस, अजून तरी नुसतं पाणीच घालतेय.

तुझीच,
विनया