समोरचीची ओवी

पौष वद्य पंचमी, मंगळवार. दिवेलागण.

लेकरू गेल्यापासून सून सरजी बोलतच नव्हती. आज पहाटे माझ्यासमोर जात्यावर बसली अन् आपल्याच मनानं ओवी लावली:

दळता दळता बाई, पीठ झालं गोळा,
रिकाम्या झोळीकडं जातो माझा डोळा.

समोरचीनं पुढची ओवी धरायची असते, गाणारीला एकटं सोडायचं नसते. अन् मी काय म्हटलं? "दाणे टाक." काऊन तसं बोलली मी? ती गप झाली. खुंट्यावर तिचा हात माझ्या हाताखाली थंडगार.

दुपारी हे म्हणाले, "उद्या गाडी जुंपतो. सुलतानपूरच्या भगताले दाखवू. बाहेरचं लागलं तिले."

"तो धुरी देईन, केस धरून बडवीन. काही लागलं नाही तिले. रडून राह्यली ते, तेही सुरात."

"मंग बरी कोण करीन, तू? तुह्या आवाजानं म्हैस पान्हा चोरते."

"चोरू द्या. गाडी जुंपू नका."

"मंग तूच पाह्य," म्हणून उठून गेले.

आता माझ्यावरच आलं. तो थंड हात काही जात नाही मनातून. ओवी मले जुळत नाही, कधी जुळली नाही. चुलीपाशी बसून पाहिलं, एक ओळ आली, दुसरी येईना. पीठ घरात भरपूर आहे. तरी उद्याची ज्वारी काढून ठेवली.