तुमच्या पऱ्हाटीत नाचले, मामाजी

मामाजी,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, तेवढं चालवून घ्या. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. कळंबचे, घाटंजीचे पाहुणे आजच येऊन पडलेत, वड्यांची डाळ भिजत घातली आहे, आणि तुमचा लेक सकाळपासून मला बजावतो आहे की उद्या तो व्हिडिओ लावायचा नाही. टीव्ही बरोबर तुमच्या फोटोखाली आहे. मी लावणार आहे. आधी कळवते, म्हणजे सून न सांगता नाचली असं व्हायला नको.

हो, नाचले! तुमच्याच बरडावरच्या वावरात, तेही यंदाच्या सीतादहीच्या आधी.

तुमची नात रेणू यवतमाळच्या कॉलेजात व्हिडिओ करायला शिकते. वर्गातल्या पोरांनी गाणं केलं, आणि त्यांना कापसानं पांढरं झालेलं, एक बोंडही न वेचलेलं वावर हवं होतं. असं वावर सीतादहीच्या सकाळीच मिळणार ना? दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय पहिला कापूस तोडायचा नाही, हा नियम तुम्ही कधी मोडू दिलात? मी टोपलीत दहीभात घेऊन गेले, वेचणाऱ्या बाया धुऱ्याच्या बांधावर थांबल्या, पोरं कॅमेरा लावून तयार. आणि नाचायला ठरलेल्या मुलीचा फोन आला, घरचे सोडत नाहीत म्हणून. घरचे! मला तेव्हा कोणाचा चेहरा आठवला असेल?

कॅमेऱ्यामागे रेणूचा मित्र इम्रान होता. ऊन चढलं की कापूस नुसता चमकतो, मग काही टिपता येत नाही, असं म्हणून तो घाई करत होता. रेणू माझ्याजवळ आली.

"आई, तूच नाच न वं. तुले येते, मामानं सांगतलं मले."

माझा भाऊ तिला खोटं बोलला नव्हता. येत होतं, मामाजी. शाळेत असताना नाचात बक्षीस आणायची मी. लग्नात माहेराहून घुंगरू आणले होते, पेटीत तळाशी. पहिल्याच पोळ्याला तुम्ही ते शोधून काढलेत आणि बैलाच्या गळ्यात बांधलेत. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे असताना कोणीतरी विचारलं, घुंगरू कुठले? सारं गाव ऐकत असताना तुम्ही म्हणालात,

"सूनबाईचे हायेत. थे त आता नाचत नाही, बैल तरी नाचन."

गाव हसलं. तुमचा लेकही हसला. हे मला शेजारणीनं घरी येऊन सांगितलं. संध्याकाळी बैल दारात आला तेव्हा त्याचे पाय मीच धुतले, पुरणपोळी मीच चारली, आणि माझे घुंगरू माझ्या नाकासमोर वाजत होते. तुम्ही ओट्यावर बसून बघत होतात. काय मिळालं हो तुम्हाला?

तर मी टोपली धुऱ्यावर ठेवली आणि पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांमध्ये, शिरले. मी सुडानं नाचले, सांगायला लाज नाही वाटत. पोरांनी गाणं भरभर लावलं होतं, मागून चित्र हळू केलं की गाणं नीट जुळतं आणि पडद्यावर नाच संथ दिसतो म्हणे. गुडघे कुरकुरले. वाळक्या बोंडांनी साडी ओढली, पायांना ओरखडे आले. डोक्यावरचा पदर पडला तो मी उचलला नाही. इम्रान म्हणायचा, काकू, अजून एकदा. मी म्हणायचे, दहादा घे. वेचणाऱ्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसत होत्या, मग नुसत्याच बघत राहिल्या.

शेजारच्या वावरातल्या गोपिकाबाई काठी टेकत आल्या होत्या. तुमच्याच वयाच्या, तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या कितीतरी वेळ माझ्या हाताकडे बघत होत्या.

"सासऱ्यावर गेली वं तू," म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी तुम्ही दंडारीत, गावातल्या नाचगाण्याच्या खेळात, नाचायचात. दंडारीत बायकांची सोंगं पुरुषच घेतात, आणि त्यातली नाचणारी पोरगी तुम्ही! आजूबाजूच्या गावांतून लोक चालत यायचे तुम्हाला बघायला. तुमच्या वडिलांनी एकदा साडीतच ओढत घरी नेलं आणि चाबकानं फोडून काढलं. त्यानंतर तुम्ही कधी नाचला नाहीत, आणि गावातली म्हातारी माणसंही त्याचं नाव काढेनाशी झाली.

तुमच्या लेकाला हे घरी सांगितलं तर त्याचे डोळे भरले. म्हणाला, बिचारे बाबा, आता तरी राग सोड.

का सोडू? मला तर दुप्पट राग आला! ज्याला नाचाचं काही कळत नाही त्यानं असं केलं, तर मी समजू शकते. तुम्हाला कळत होतं. पाय थांबवले की आत काय होतं हे या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं. माझ्याजवळ बसून एकदा म्हणायचं होतं, पोरी, मीही नाचायचो. एवढ्या वर्षांत एकदाही नाही? मला सोबत मिळाली असती हो, मामाजी. ती तुम्ही चोरलीत.

म्हणून उद्या मी काय करणार ते ऐका. पंगत उठली की व्हिडिओ लावीन, आणि तो संपला की सगळ्यांसमोर दंडारीचं सांगीन. तुम्ही कोणती साडी नेसायचात तेही गोपिकाबाईंकडून विचारून घेतलं आहे. जे तुम्ही मरेपर्यंत लपवलंत ते मी तुमच्या लेकासमोर, जावयासमोर, व्याह्यांसमोर मोठ्यानं सांगणार, की आमचे मामाजी फार सुरेख नाचायचे. तुम्ही भिंतीवरून गुपचूप ऐकायचं. उठून जाता येणार नाही तुम्हाला.

आणि तुमच्या नाचाला कोणी हसलं, तर त्याला मी भरल्या घरातून हाताला धरून बाहेर काढीन. मग तो तुमचा लेक का असेना.

तुमची सून,
शोभा