रवले किती?

वैभववाडी,
५ जानेवारी २०२५

ती. स्व. गुरुदासमामांस,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

सोबत माझा शोधनिबंध पाठवतेय. कागदावर, ओळींत भरपूर जागा सोडून. कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही मोबाइलकडे बघत नाही, आणि फोनवर बोलायचं तर आमच्या वाडीत रेंज नाही. छत्तीस वर्षं शिक्षकी केलीत, तुमच्याइतकं बारीक दुसरं कोण वाचणार?

पहिली-दुसरीच्या माझ्या तेवीस मुलांना मी वजाबाकीची तोंडी गणितं आधी पुस्तकी मराठीत घातली, मग तशीच मालवणीत. सात आंब्यांतले तीन भावाला दिले, ‘उरले किती?’ असं विचारलं की निम्मा वर्ग छताकडे बघतो. ‘रवले किती?’ म्हटलं की हात वर. एवढंच सांगायला मला नऊ हजार शब्द लागलेत आणि पुण्याच्या त्या शिक्षणविषयक नियतकालिकाला पाच हजारच हवेत. शेवटची तारीख २८ फेब्रुवारी.

भाषा तपासा, आणि पान सतरा जरूर वाचा. तिथे मुलांच्या आयांच्या मुलाखती आहेत. मथुरामामीचा गुडघा कसा आहे? तिला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो हा निबंध वाचूनही टिकावा.

तुमची,
सारिका

मालवण,
१४ जानेवारी

चि. सारिका हिस,
मामाचे अ. उ. आ.

आज संक्रांत. मामीने हातावर तिळगूळ ठेवून पोरीशी गोड बोला म्हणून बजावलं आहे. प्रयत्न करतो.

अगं, तुझी वाक्यं किती लांब! कर्ता मालवणात आणि क्रियापद कणकवलीला. ‘रवले’ हा शब्द बारा ठिकाणी सापडला. बाराही ठिकाणी ‘राहिले’ केला आहे. पुण्याच्या विद्वानांसमोर आपली लाज जायला नको. पान नऊवर मुलं तेवीस आणि पान अकरावर बावीस. दोन पानांत एक मूल कुठे हरवलं? वजाबाकीवर निबंध लिहिणाऱ्या बाईला हे शोभत नाही.

पान सोळापर्यंत आलो आहे. गुडघा ठीक. मामी तुझी वाट बघते. माया आहे म्हणूनच लाल शाई वापरतो, हे विसरू नकोस.

तुझा,
गुरुदासमामा

वैभववाडी,
२१ जानेवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची दुरुस्ती बघून मी कपाळावर हात मारून घेतला. मामा, निबंध त्या ‘रवले’वरच आहे! तोच शब्द तुम्ही धुऊन काढलात. आता तक्ता म्हणतोय की मुलांना ‘राहिले’ नीट कळतं, म्हणजे निबंध लिहायचं कारणच संपलं. बाराही शब्द मी परत जागेवर घातले. हरवलेलं मूल मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. त्याचे आईबाप दिवाळीनंतर दोडामार्गला केळीच्या बागेत कामाला गेले, पोरही गेलं. ते लिहायचं राहूनच गेलं होतं.

नियतकालिकाच्या संकेतस्थळाने तर माझा जीव खाल्ला आहे. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून निबंध चढवला, तर तासाभरात परत. का, तर पान दोनवर गावाचं नाव दिसतं आणि त्यावरून लेखक ओळखू येतो; तपासणाऱ्याला तो कळू नये असा त्यांचा नियम. संदर्भसूचीत स्वल्पविराम हवेत, पूर्णविराम नकोत. मी शिक्षिका आहे की टंकलेखक, तेच कळेना.

पान सतरा वाचलंत का? त्याबद्दल एक अक्षर नाही तुमचं. रागावलात तरी चालेल, पण वाचा.

तुमची,
सारिका

मालवण,
३० जानेवारी

चि. सारिका हिस,
अ. उ. आ.

पान सतरा वाचलं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं होतं.

‘तिसरीत असताना एका मातेने “माका म्हायत नाय” असं उत्तर दिलं. गुरुजी हसले, मग सगळा वर्ग हसला. गुरुजींनी ते वाक्य शुद्ध मराठीत शंभर वेळा लिहायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही.’ साल १९९६, शाळा घाटपायथ्याची. त्या शाळेत तिसरीला तेव्हा एकच शिक्षक होता, आणि तो कोण हे तुला पक्कं ठाऊक आहे.

ही मुलं मुंबईला नोकरीला जातील, तिथे त्यांना कोणी हसू नये, म्हणून मी घसा कोरडा केला. माझ्या हातची किती मुलं बँकेत, पोस्टात लागली, ते कुठल्या पानावर आहे? ते पान काढ. नाही तर आभारातून माझं नाव काढ.

गुरुदास

वैभववाडी,
५ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हो, मला ठाऊक होतं. दिवाळीत तुमच्या ओटीवर बसून सांगायचं ठरवून आले होते आणि फराळ खाऊन परत गेले. म्हणून निबंध पाठवला. भित्रेपणाच तो, मान्य.

पण पान काढणार नाही. त्या बाईचं नाव सावित्री, वैभववाडीच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे आणि जून ते ऑक्टोबर ती वर्गात एक शब्द बोलली नाही. मी घरी गेले तेव्हा कळलं, चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बस, असं आईनेच शिकवून पाठवलं होतं. हे एका पिढीत संपलेलं नाही, मामा. मुलाखत छापायला सावित्रीने एकच अट घातली, गुरुजींचं नाव यायचं नाही. म्हणाली, ‘गुरुजी वायट नाय होते गो बाय. कधी मारूक नाय. हसले, इतक्याच.’

आभारातून नाव काढायचं असेल तर काढते. पण तुमची बाजूही खरी आहे आणि ती निबंधात नाही, ही माझी चूक. ती तुम्ही लिहून द्या. तेवीस दिवस उरलेत. मामीला यातलं काही सांगितलंत का? मला तिच्याशीही खोटं बोलवत नाही.

तुमची,
सारिका

मालवण,
१७ फेब्रुवारी

चि. सारिका हिस,
अ. उ. आ.

मामीला सांगितलं. ती म्हणाली, नुसती पत्रं कसली लिहिता, एसटी पकडा. म्हणून काल वैभववाडीच्या बाजारात जाऊन आलो. तुला कळवलं नाही, कारण तू बरोबर आली असतीस.

सावित्री सुकी मासळी घेऊन बसली होती. मी नाव सांगायच्या आधीच ती उठून उभी राहिली. तिने मला बसायला पाट दिला आणि गिऱ्हाईकं करत राहिली. मी तासभर बसलो. शेवटी गर्दी सरल्यावर म्हणालो, ‘माझा चुकला.’ मालवणीतच म्हणालो. ती म्हणाली, पोरीच्या बाईंनी काय लिहिलंय ते वाचून दाखवा. मी पान सतरा वाचलं, बाजारात, मोठ्याने.

तिने एक चूक काढली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, हे खोटं आहे. ती आणखी तीन दिवस आली होती. ‘तुमी माका एकदापण विचारूक नाय,’ म्हणाली. मला ते तीन दिवस आठवत नाहीत, सारिका. तिला आठवतात.

सोबत माझं निवेदन अर्ध्या पानाचं. बँकेत लागलेली मुलं त्यात आहेत आणि ही एक मुलगीही आहे. माझं नाव घालून छाप. ते वाक्य मात्र आधी दुरुस्त कर.

आशीर्वाद आहेतच; तूही थोडी क्षमा ठेव.

तुझा,
गुरुदासमामा

वैभववाडी,
२६ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

निबंध काल गेला. तिसऱ्या खेपेस त्या संकेतस्थळाने घेतला; निकालाला चार महिने. तुमचं निवेदन आहे, पण नाव नाही. एक तर सावित्रीची अट, दुसरं त्यांचा तो नियम. चिडू नका, मी तुमच्या वाटचंही चिडून घेतलं आहे. पाच हजारांत बसवताना माझी प्रस्तावना गेली, दोन तक्ते गेले.

पाठवण्याआधी सावित्रीला दुरुस्त केलेलं पान वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम पहिल्या रांगेत बसली होती, ते लिहिलंस काय?

लिहिलं नव्हतं. मग लिहिलं. तेवढ्या जागेसाठी माझ्या निष्कर्षातलं एक वाक्य काढलं.

मामीला नमस्कार. शिमग्याला येते, तेव्हा ओटीवर बसून बोलू.

तुमची,
सारिका