जावयाला तीन नंबरचं पाणी

श्रीमान व्याही झुंबरराव यांच्या पायाशी तात्याबाचा वाकून रामराम. तुमचा गुडघा कसा हाय? विहीणबाई, म्हशी, समदी खुशाल असतील. हितं आमी बरं हाय आन् जावई सूरजराव तर लई बरं हायत (पुढं लिवतोच). लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, त्यात जावयाच्या मानात काय उणं ऱ्हायलं तर माझी मान खाली, म्हणून हे सविस्तर पत्र.

औंदा आमी नीरेवर पावण्यांसाठी वल्हवायच्या चार हलक्या प्लास्टिकच्या नावा घातल्यात, हे तुमाला ठावं हाय. शिकवायला आलेल्या सायबानं एकच सांगितलं, आधी माणूस बघा, मग पाणी द्या. मी लगीच नदीचे तीन नंबर पाडले. एक नंबर घाटाजवळचं साचलेलं, बायापोरांचं. दोन नंबर मधलं, वाहतं पण सरळ. तीन नंबर बंधाऱ्याखालचं, खडकातनं उसळणारं. तितं फकस्त मुरलेला गडी. तशी पाटीच रंगवलीय. सात महिन्यांत कुणाला साधं खरचटलं न्हाय.

आता सूरजरावांनी जन्मात वल्हं धरलेलं न्हाय, म्हंजे नियमानं एक नंबर. पण इचार करा, धोंड्याला आलेला जावई छकुलीशेजारी डबक्यात सोडायचा? (छकुली माझी नात, वय सहा.) उद्या तुमीच नावं ठेवली असती. पंगतीत पहिला पाट देतो, तसं पाणीबी पहिल्या प्रतीचं दिलं. टॉवेल-टोपी केली, वर फुगीर जाकीट चढवलं, ओवाळलं आन् तीन नंबरात सोडलं. सृष्टीला एक नंबरात बसवलं, लेकीच्या जातीला तेवढं पुरं.

सूरजराव चाळीस हात झोकात गेले. मग नाव खडकाला आडवी झाली, त्ये खडकावर चढले आन् नाव एकटीच पुढं गेली. तवर आमची सृष्टी घाटावरनं आपली नाव डोक्यावर घेऊन पळत आली, त्याच पाण्यात शिरली आन् खडकांच्या फटीतनं अशी सरळ गेली की बंधाऱ्यावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. (लहानपणी ती गुऱ्हाळाच्या काहिलीत, गूळ शिजवायच्या त्या भल्यामोठ्या कढईत, बसून नदीपल्याड शेळ्यांकडं जायची. मला वाटायचं, पोरखेळ हाय.) झुंबरराव, माझा ऊर भरून आला. तीन नंबरचं पाणी पेलणारं माणूस माझ्या घरात वाढलं, आन् ते आता तुमच्या घरचं हाय.

तुमचा नम्र,
तात्याबा

ता. क. : सूरजराव अजून खडकावरच हायत. दोन तास झाले. सृष्टी दोनदा जाऊन आली. त्यांनी डब्यातले धोंडे खाल्ले, चहा घेतला, पण एवढ्या लोकांदेखत बायको वल्हवणार आन् आपण बसणार, हे जमायचं न्हाय म्हणत्यात. माझा फोन उचलत न्हाईत. तुमाला तोंडानं सांगायची छाती हुईना, म्हणून ह्या कागदाचा फोटो धाडतोय. बापाचा फोन उचलतील, तेवढं नावंत बसायला सांगा. पाच वाजता वरनं आणखी पाणी सोडणार हायत. आता साडेचार झाले.

आणखी एक : बैठकीत तुमी पोरीला काय काय येतं म्हणून इचारलं, तवा मी भाकरी, शिवण आन् कॉम्प्युटर सांगितलं. माहिती अपुरी दिली, माफी असावी.